वॉशिंग मशिनवर एरर कोड आला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीन मध्येच थांबतं, बीप वाजते आणि पडद्यावर दोन-तीन अक्षरं लुकलुकायला लागतात. त्यानंतर घरोघरी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: मशिनचं कव्हर न उघडता, फार तर एक पक्कड आणि जुना टूथब्रश घेऊन जे करता येतं, तेवढंच इथे आहे.

कोड आला म्हणजे कुठला भाग बिघडला ते कळतं का?

नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. मशिनजवळ मोजक्याच गोष्टी कळण्याची सोय असते: पाण्याची पातळी, मोटरचा वेग, तापमान आणि दाराचं लॉक. प्रोग्रॅम प्रत्येक पायरीवर तपासत पुढे जातो. पाणी सोडलं, पातळी वर गेली का? पाणी काढायला घेतलं, पातळी उतरली का? ठरलेल्या वेळेत हवं ते घडलं नाही की तो थांबतो आणि कोड दाखवतो. म्हणजे कोडचा अर्थ ‘पाणी बाहेर गेलं नाही’ इतकाच असतो. पंप जळाला, फिल्टर तुंबला, पाइप दुमडला की पाणी गेलंय पण सेन्सरलाच ते कळलं नाही, हे कोड सांगत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं. नुसता कोड ऐकून कोणी फोनवरच ‘पंप बदलावा लागेल’ म्हणालं, तर खुशाल म्हणा, आधी बघून तर घ्या.

सगळ्या कंपन्यांचे कोड सारखेच असतात का?

मुळीच नाही. एलजीच्या मशिनवर ‘ओई’ आला तर पाणी बाहेर जात नाहीये. सॅमसंगच्या मशिनवर तोच ‘ओई’ म्हणजे आत पाणी जास्त झालंय, अगदी उलटी तक्रार. ‘एलई’चंही तसंच: एलजीत तो मोटरचा, सॅमसंगमध्ये गळतीकडे बोट दाखवणारा. त्यामुळे शेजाऱ्यांच्या मशिनचा अनुभव आपल्या मशिनला लावू नका. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलांतही फरक असतो. सॅमसंगच्या जुन्या मशिनांवर ‘५ई’ दिसायचा, नव्यांवर ‘५सी’ दिसतो. तक्रार तीच, निचऱ्याची.

काही कंपन्यांनी मात्र थोडी सोय केली आहे. पॅनासॉनिकमध्ये ‘यू’ने सुरू होणारे कोड सहसा घरच्या घरी सुटणारे असतात: यू११ निचरा, यू१२ झाकण, यू१३ तोल, यू१४ पाणी न येणं. ‘एच’ने सुरू होणारा कोड आला तर सर्व्हिसवाल्याला बोलवायचं. ही पद्धत सगळ्यांनी उचलायला हवी होती.

अक्षर ‘एस’ आहे की ५, ‘ओ’ आहे की शून्य, हेच कळत नाही. काय करावं?

साध्या पडद्यावर प्रत्येक अक्षर सात रेघांतून तयार होतं. त्यात इंग्रजी एस आणि ५ हुबेहूब सारखे दिसतात, ओ आणि शून्यही. म्हणून फेसाचा ‘एसयूडी’ (सड) हा कोड ‘५यूडी’सारखा वाचला जातो आणि लोक भलतंच शोधत बसतात. सरळ मोबाइलवर फोटो काढा आणि मशिनच्या पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून पाहा. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबरवरून ती कंपनीच्या साइटवर मिळते. हा नंबर दाराच्या आतल्या कडेवर, फिल्टरच्या झाकणाजवळ किंवा मशिनच्या पाठीमागे चिकटवलेला असतो.

‘सीएल’ आलाय आणि एकही बटण चालत नाही. मोठा बिघाड आहे का?

नाही, चाइल्ड लॉक लागलंय. ज्या बटणाजवळ कुलपाचं किंवा लहान मुलाचं चित्र आहे, ते किंवा ती जोडी तीन ते पाच सेकंद दाबून धरा. एलजीवरचा ‘टीसीएल’सुद्धा बिघाड नव्हे, टब क्लीन चालवायची आठवण आहे. ‘पीएफ’ म्हणजे मधे वीज गेली होती. आणि पडद्यावर ‘३:००’ असं काही दिसत असेल तर चुकून डिले स्टार्ट लागलंय का ते आधी बघा.

प्लग काढून परत लावला की कोड जातो. मग झालं ना काम?

एकदा करून पाहायला हरकत नाही. मशीन बंद करा, प्लग काढा, पाच मिनिटं थांबा आणि परत लावा. विजेच्या चढउतारामुळे कंट्रोल बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं सर्किट, गोंधळलं असेल तर एवढ्याने भागतं. पण पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या धुण्याला, त्याच टप्प्यावर तोच कोड आला, तर कारण जिथल्या तिथे आहे हे समजा. रोज प्लग काढून काम भागवणारे बरेच जण असतात. निचऱ्याच्या कोडला असं करत राहिलं तर पंप अडकलेल्या अवस्थेत पुन्हा पुन्हा जोर लावतो आणि फिल्टर साफ करून सुटणारं काम पंप बदलण्यावर जातं.

पाणी येत नाही असा कोड आहे. नळ तर चालू आहे!

एलजीत ‘आयई’, सॅमसंगमध्ये ‘४सी’ किंवा ‘४ई’, बॉशमध्ये ई१७ किंवा एफ१७, हे सगळे एकाच घरातले. मशीन पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह (इनलेट व्हॉल्व्ह) उघडून वाट पाहतं, पातळी वेळेत चढत नाही, की कोड.

नळ चालू असणं आणि मशिनला पुरेसं पाणी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळाकडून मशिनला येणारा इनलेट पाइप मशीनकडून सोडवा आणि बादलीत धरून नळ उघडा. धार जोरकस आली तर अडचण मशिनच्या बाजूला. रडतखडत आली तर नळाच्या. पाणी वरच्या टाकीतून येत असेल तर उंचीचा हिशोब करा: १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. टाकी मशिनच्या जेमतेम तीन मीटर वर असेल तर दाब ०.३ बारच्या आसपास, आणि पुष्कळ मशिनांना एवढा दाब काठावरचा पडतो. किमान दाबाचा आकडा पुस्तिकेत छापलेला असतो. तो न बघताच व्हॉल्व्ह बदलून झालेली मशिनं पुष्कळ आहेत.

धार चांगली असेल तर मशिनच्या तोंडाशी, जिथे पाइप बसतो तिथे आत डोकावा. प्लॅस्टिकची एक बारीक जाळी दिसेल. तिच्या मधोमध एक छोटा उंचवटा असतो. पक्कडीने तो धरून हळूच सरळ ओढला की जाळी बाहेर येते. टाकीतला गाळ, पाइपचा गंज, टेफ्लॉन टेपचे तुकडे, सगळं तिथे अडकलेलं असतं. ब्रशने घासा, वाहत्या पाण्याखाली धरा आणि परत बसवा. पांढरा थर बसला असेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. जाळी फेकून देऊन मशीन चालवू नका. तो गाळ मग व्हॉल्व्हमध्ये जातो, आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला तर मशीन बंद असतानाही टबात पाणी भरत राहतं.

पाणी येताना दिसतंय, तरी तोच कोड. हे कसं?

मशिनच्या मागचा ड्रेन पाइप बघा. तो फार खाली सोडलेला असेल किंवा भिंतीतल्या पाइपात खोल खुपसलेला असेल, तर सायफन होतो: एकीकडून पाणी भरतंय आणि दुसरीकडून आपोआप वाहून जातंय. पातळी वर चढतच नाही. फ्रंट लोडमध्ये ड्रेन पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवायचा असतो आणि टोक भिंतीतल्या पाइपात दहा-पंधरा सेंटिमीटरपेक्षा आत घालायचं नसतं. तोंड टेपने हवाबंदही करू नका.

पाणी बाहेर जात नाही. आता?

सगळ्यात जास्त येणारा कोड हाच. एलजीचा ‘ओई’, सॅमसंगचा ‘५सी’, ‘५ई’ किंवा ‘एनडी’, बॉशचा ई१८ किंवा एफ१८.

आधी नुसतं ऐका. फक्त स्पिन किंवा ड्रेनचा प्रोग्रॅम लावा आणि मशिनच्या खालच्या बाजूला कान द्या. पंपाची नेहमीची घरघर येतेय पण पाणी जात नाही, तर पुढे पाइपात अडथळा आहे. ‘हूं’ असा एकसुरी आवाज येतोय, तर पंपात काहीतरी अडकलंय. काहीच आवाज नाही, तर पंपाला वीज पोचत नाही किंवा पंपच गेला. एवढ्या अर्ध्या मिनिटाच्या ऐकण्याने निम्मं निदान होतं.

फ्रंट लोडमध्ये खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. गरम पाण्याचं धुणं चालू होतं तर आधी पाणी निवू द्या. प्लग काढा, फरशीवर जुनं कापड पसरा, पसरट भांडं ठेवा. फिल्टरशेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी उतरवा. वेळ लागतो, भांडं चार-पाच वेळा रिकामं करावं लागतं. नळी नसेल तर फिल्टर एकदम न काढता पाव फेरा सैल करा, पाणी येऊ द्या, घट्ट करा, भांडं ओता, पुन्हा सैल करा. सगळा फिल्टर एका दमात काढला की पूर आलाच म्हणून समजा.

आत मिळतात ती नाणी, हेअरपिना, बटणं, लहान मुलांचे मोजे, ब्राची तार, धाग्यांचे बोळे. ते काढलंत की काम संपलं असं समजू नका. टॉर्च धरून फिल्टरच्या भोकात आत बघा. पंपाचं छोटं पातं दिसेल. काडीने ते फिरवा. ते सरसर फिरणार नाही, अडकत अडकत, झटके देत फिरेल. आतल्या चुंबकामुळे ते तसंच फिरतं, त्याला बिघाड समजू नका. अजिबात फिरत नसेल तर त्याच्याभोवती केस किंवा दोरा गुंडाळलेला असतो. उलट, काहीच अडखळत नसेल आणि पातं डुगडुगत असेल, तर ते आसावरून सुटलंय. तिथे पंप बदलावाच लागतो.

फिल्टर परत लावताना आटे तिरके बसणार नाहीत हे बघा, रबरी रिंगवरचा कचरा पुसा आणि पहिलं धुणं होईपर्यंत खाली नजर ठेवा.

माझं मशीन टॉप लोड आहे, खाली झाकणच नाही.

मग बहुधा त्यात पंपही नसेल. बऱ्याच टॉप लोड मशिनांत तळाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी उतारानेच बाहेर जातं. अशा मशिनचा ड्रेन पाइप जमिनीलगतच हवा. बाथरूमचा उंबरा ओलांडण्यासाठी तो वर उचलून अडकवला, किंवा लांबवायला दुसरा पाइप जोडला, की कोड येणारच. पाइप खाली सोडून बघा. तरी पाणी हलत नसेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी धागे किंवा मोजा अडकलेला असू शकतो. ते काम खोलूनच करावं लागतं.

‘यूई’ किंवा ‘यूबी’ येतो आणि कपडे पिळलेच जात नाहीत.

कपड्यांचा गोळा एका बाजूला झालाय. मशीन स्वतःच ड्रम उलटसुलट फिरवून, काही वेळा पुन्हा पाणी घेऊन, ते पसरायचा प्रयत्न करतं. म्हणूनच शेवटची काही मिनिटं संपता संपत नाहीत. नेहमीचे गुन्हेगार दोन: एकटं टाकलेलं जड पायपुसणं, आणि उशीच्या किंवा दुलईच्या अभ्र्यात शिरून बसलेले बाकीचे कपडे. मशीन थांबवून हाताने मोकळं करा. एकच जड वस्तू असेल तर सोबत दोन-तीन टॉवेल टाका.

हा कोड हलके कपडे टाकूनही वारंवार येत असेल तर रिकाम्या मशिनच्या वरच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब द्या. डुगडुगत असेल तर पाय फिरवून उंची जुळवा आणि पायावरचं लॉकनट वर, मशिनच्या अंगाला घट्ट आवळा. हे नट आवळायचं बहुतेक जण विसरतात. मशीन समतल असूनही टब आपटत असेल तर टबाला आतून तोलून धरणारे सस्पेन्शन रॉड किंवा धक्के शोषणारे शॉक अब्जॉर्बर झिजलेत.

रेनकोट, ताडपत्री किंवा पाणी न शोषणारं कुठलंही कापड स्पिनमध्ये घालू नका. त्यात पाण्याचा फुगा अडकतो आणि पूर्ण वेगात असताना तो एकदम सरकला तर मशीन जागचं उडू शकतं. पुस्तिकेतली ही सूचना गांभीर्याने घ्यायची आहे.

नवं फ्रंट लोड पहिल्याच स्पिनला नाचत नाचत भिंतीपर्यंत गेलं.

मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत का? वाहतुकीत टब हलू नये म्हणून ते लावलेले असतात. लगेच बंद करा, बोल्ट काढा, भोकांत सोबत आलेली प्लॅस्टिकची टोपणं बसवा. बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतील.

दार बंद आहे, तरी दाराचाच कोड.

दार टेकलेलं असणं मशिनला पुरत नाही, लॉक लागल्याची खूण हवी असते. दाराच्या रबरात मोज्याचं टोक अडकलंय का, हूक वाकलाय का, हुकाच्या खाचेत साबणाचा थर बसलाय का ते बघा. दार बिजागरीशी किंचित खाली झुकलं असेल तर बंद करताना थोडं वर उचलून पाहा. टॉप लोडमध्ये झाकणाखाली चुंबक आणि समोर स्विच असतो. झाकण वाकडं बसलं की त्यांची गाठ पडत नाही.

धुणं संपलं, पण दार उघडत नाही. कपडे आतच!

दोन मिनिटं थांबा. पुष्कळ लॉकमध्ये तापून वाकणारी धातूची पट्टी असते. ती निवल्याशिवाय खिट्टी मागे सरकत नाही. तरी उघडलं नाही तर काचेतून बघा. आत पाणी असेल किंवा ते गरम असेल तर मशीन मुद्दामच दार सोडत नाही. वर सांगितलं तसं फिल्टरवाटे पाणी उतरवा. काही मॉडेलांत फिल्टरच्या झाकणामागे आणीबाणीची दोरी किंवा पट्टी असते. पाणी पूर्ण काढल्यावर ती खाली ओढली की लॉक सुटतं. हँडल मात्र ओढू नका. ते तुटलं की लॉकपेक्षा मोठं काम होऊन बसतं.

फेसाचा कोड आला, फेस दारापर्यंत आलाय.

काही करू नका, बसू द्या. नंतर साबण न घालता रिन्स आणि स्पिन चालवा, लागलं तर दोनदा. पुढच्या वेळी पावडर निम्मी करा आणि हाताने धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका. फेसाने पंपाची पकड सुटते आणि पातळीचा सेन्सरही फसतो. म्हणून फेसाचा कोड न येता निचऱ्याचाच कोड येऊन, खरं कारण पावडर असल्याचंही दिसतं.

गरम पाण्याच्या प्रोग्रॅमलाच कोड येतो.

एलजीचा ‘टीई’ किंवा सॅमसंगचा ‘एचसी’ असेल तर हीटर, तापमानाचा सेन्सर किंवा त्यांची वायर. थंड पाण्याचा प्रोग्रॅम लावून बघा. तो निर्धोक पार पडला तर रोजचं धुणं चालू ठेवून सवडीने दुरुस्ती करता येते. क्षारयुक्त पाण्यात हीटरवर जाड थर बसतो आणि तो आतल्या आत तापून जळतो; अधूनमधून मशिनसाठीचं डिस्केलर (क्षारांचा थर काढणारी पावडर किंवा द्राव) वापरलं तर तो जास्त टिकतो.

पण हीटर चालू होताच घराचा ट्रिप स्विच पडत असेल तर गोष्ट वेगळी. विजेची गळती आहे. स्विच वर करून पुन्हा प्रयत्न नको, प्लग काढून ठेवा.

आत पाणी वाढतच चाललंय.

एलजीत ‘एफई’, सॅमसंगमध्ये ‘ओसी’ किंवा ‘ओई’. इथे एक नामी चाचणी आहे. भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. वीज नसतानाही पाणी चढत राहिलं तर इनलेट व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. नळ बंद करा आणि व्हॉल्व्ह बदलेपर्यंत तो बंदच ठेवा. वीज काढताच पाणी थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, चुकीचा हुकूम वरून येतोय. म्हणजे पातळीचा सेन्सर, त्याची बारीक हवेची नळी किंवा बोर्ड.

मोटरचा कोड आला तर लगेच मोटर गेली असं समजायचं का?

नाही. निम्मे कपडे काढा, अर्धा तास मशीन निवू द्या. मग प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवा. अडला तर ड्रम आणि टबाच्या फटीत कापड किंवा तार गेलीय. खरखरला तर बेअरिंग. मोकळा फिरत असेल तर कार्बन ब्रश, बेल्ट, वेगाचा सेन्सर किंवा वायरचा जोड अशा स्वस्तातल्या संशयितांवरून सुरुवात होते, मोटर शेवटी.

माझ्या मशिनला पडदाच नाही, फक्त दिवे आहेत.

दिवेच कोड आहेत. कोणते दिवे लुकलुकताहेत आणि किती वेळा, ते मोजा. पुस्तिकेत तक्ता असतो. मोजण्यापेक्षा छोटा व्हिडिओ काढलेला बरा. सेमी ऑटोमॅटिकमध्ये सहसा कोड नसतातच. तिथे टायमर, झाकणाचा स्विच आणि बेल्ट, एवढाच खेळ.

कुठे थांबायचं?

जळका वास, अंगाला झिणझिण्या, ट्रिप होणारा स्विच किंवा मशिनखाली पाणी, यातलं काहीही असेल तर पुढे जाऊ नका. बॉशचा ई२३ किंवा एफ२३ म्हणजे तळाच्या तबकात पाणी साचलंय. मशीन तिरकं करून पाणी सांडलं की कोड जातो, हा उपाय सर्रास सांगितला जातो. कोड जातो खरा, गळती तशीच राहते. आणि प्लग काढला तरी कंट्रोल बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, काही वेळ वीज शिल्लक असते, तेव्हा बोर्डाला हात नको.

टेक्निशियनला बोलावलंय. त्याला काय सांगू?

मॉडेल नंबर, कोडचा फोटो, आणि मुख्य म्हणजे कोड कधी येतो: पाणी भरताना, धुताना, तापताना की स्पिनच्या सुरुवातीला. घरी काय काय करून झालं तेही सांगा, नाहीतर तो फिल्टरपासूनच सुरुवात करील. एलजीच्या बऱ्याच मशिनांत आवाजाच्या स्वरूपात दोषाची माहिती पाठवायची सोय आहे. कॉल सेंटरने सांगितलं तर फोन मशिनच्या ठरलेल्या जागी धरायचा. भाग बदलला तर जुना भाग दाखवायला सांगा आणि निघण्यापूर्वी ज्या टप्प्यावर कोड यायचा, तो टप्पा त्याच्यासमोर एकदा चालवून घ्या.